मी घडवून आणलेली भेट

त्या मुलीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बालगृहाच्या मागच्या ओसरीवर बसून डाव्या हातानं मेथी निवडत होती. आजूबाजूला आणखी चार-पाच मुली होत्या, त्यांच्या गप्पा चालल्या होत्या. ही गप्प. उजवा हात फ्रॉकच्या खिशात खोल घातलेला आणि डाव्या हाताची बोटं झराझर चाललेली. त्याच हातात काडी धरायची आणि त्याच हाताच्या अंगठ्यानं पानं खुडायची, हे तिला कसं साधलं होतं कोण जाणे. अधीक्षिकाबाईंनी मला ती लांबूनच दाखवली. "ती, कडेची. आठ दिवस झाले येऊन. अजून कुणाशी बोललेली नाही."

मी शहरातल्या गारखेडा भागात राहते. सरकारी कचेरीत लघुलेखक म्हणून तीसेक वर्षं नोकरी केली. साहेब बोलायचे, मी उतरवून घ्यायचे आणि नीटनेटकं टाइप करून सहीला ठेवायचे. निवृत्तीनंतर दोन वर्षं घरात काढली. मग ओळखीच्या एका बाईंनी एका संस्थेच्या प्रशिक्षणाला नेलं आणि मी या कामाला लागले.

काम असं. ज्या मुलावर अत्याचार झालाय त्याची केस कोर्टात उभी राहते, तेव्हा त्या मुलाच्या बाजूला एक माणूस असावं म्हणून आम्हाला नेमतात. पोलीस नाही, वकील नाही, नात्यातलं नाही. मुलाला भेटत राहायचं, केसचं काय चाललंय ते त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं, साक्षीच्या दिवशी शेजारी बसायचं. शिवाय मुलासाठी काय बरं, ते बाल कल्याण समितीला लिहून द्यायचं. अशा मुलांनी कुठं आणि कुणाजवळ राहायचं ते ही समिती ठरवते. कागदावर आम्हाला सहाय्यक व्यक्ती म्हणतात. पगार नसतो. आधीच्या दोन केसेस माझ्या हातून नीट पार पडल्या होत्या आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा तोराही आला होता. ही तिसरी.

मुलगी दहा वर्षांची, पाचवीतली. बाप ती लहान असतानाच वारला होता. आईनं दुसरं लग्न केलं. सावत्र बाप शहराबाहेर शेंद्र्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता आणि तिथंच जवळ पत्र्याच्या एका खोलीत हे लोक भाड्यानं राहत होते. दुसऱ्या लग्नाची एक तान्ही मुलगी होती. तिला सांभाळायचं काम हिचं. एके दिवशी ते बाळ खाटेवरून पडलं. काही फारसं लागलं नव्हतं, कपाळाला टेंगूळ आलं एवढंच. बापानं हिला ओढत चुलीपाशी नेलं आणि तिचा उजवा पंजा तापल्या तव्यावर दाबून धरला.

आईनं टूथपेस्ट फासली, वर फडकं बांधलं. तीन दिवस शाळा बुडाली. चौथ्या दिवशी बाईंनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर हिनं खडू डाव्या हातात घेतला. बाईंनी विचारलं, ही बोलेना. बाईंनी फडकं सोडलं. त्यांनीच मग मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. डॉक्टरांना पाठीवर जुने वळही सापडले.

सावत्र बापाला अटक झाली आणि काही दिवसांत जामीनही मिळाला. मुलीच्या जवळपास फिरकायचं नाही, अशी अट होती. आईनं पोलिसांना खरं सांगितलं होतं, त्यामुळं ती साक्षीदार होती. पण राहत होती त्याच्याच खोलीत.

मी दर गुरुवारी दुपारी जायचे. पहिले तीन गुरुवार ती माझ्यासमोर नुसती बसून राहिली. मी बोलायचे, ती भिंतीकडं बघायची. चौथ्या गुरुवारी मी निघायला उठले तेव्हा म्हणाली, "मावशी, मायला कुठल्या जेलात ठेवलंय?"

मी खालीच बसले. तिला वाटत होतं, आपल्यामुळं आईलाही धरून नेलंय. मी सांगितलं, आई घरी आहे, तिला कुणी काही केलेलं नाही. तिनं तेच तीनदा वदवून घेतलं. मग विचारलं, "मग ती यायली नाय कामून?"

आई आरोपीच्या घरात राहते म्हणून तिला समितीच्या परवानगीशिवाय भेटता येत नाही, हे दहा वर्षांच्या मुलीला मी माझ्या परीनं सांगितलं. तिला त्यातलं एवढंच कळलं की आईला यायचंय आणि कुणीतरी येऊ देत नाही.

त्यानंतर ती माझ्याशी बोलायला लागली. प्रश्न तरी किती! कोर्टात संडास असतो का? जज बाई हाय का बाप्या? खोटं बोललं तर तिथल्या तिथं कळतं का? मी म्हणायचे, तू फक्त जे झालं ते सांग, बाकीचं आम्ही बघतो. "बाकीचं आम्ही बघतो" हे वाक्य मी त्या दिवसांत किती वेळा बोलले असेन.

पण तिचं जेवण सुटलं होतं. ताटात घेतलेली भाकरी दुसऱ्या मुलींच्या ताटात सरकवायची. पहाटे उठून फाटकापाशी जाऊन बसायची. अधीक्षिकाबाईंनी डॉक्टरांना दाखवलं, समुपदेशकबाई येऊन गेल्या. विचारलं की एकच, "माय पाहिजे."

आणि आई खरंच फाटकापर्यंत यायची. एका गुरुवारी मला बाहेरच गाठलं तिनं. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, वाळलेली, कडेवर बाळ. पदर तोंडाला लावून म्हणाली, "ताई, एकदा दाखवा ना लेकरू. लांबून दाखवा पायजे तर. म्या काय पळवून नेते का तिला?"

मी आत गेले आणि अधीक्षिकाबाईंना म्हणाले, "भेट घडवू या."

त्या बावीस वर्षं बालगृहात काढलेल्या बाई. त्यांनी रजिस्टर मिटलं. "साक्ष महिना-दोन महिन्यांवर आलीय. साक्ष होऊ द्या, मग रोज भेटू दे. आत्ता नको."

"पोरगी खात नाहीये."

"खाईल. मीही आई आहे मॅडम, मला दगड समजू नका. पण ती बाई अजून त्याच्याच घरात निजते ना?"

मला त्यांचा राग आला. रोजच्या सवयीनं माणसं निबर होतात, असं काहीतरी मनात आलं. घरी येऊन मी समितीसाठी अहवाल लिहिला. अर्ध्या पानाचा. मुलीच्या मानसिक स्वास्थ्याच्या दृष्टीनं आईची देखरेखीखालील भेट आवश्यक असल्याचं माझं मत आहे, अशी त्याची अखेर होती. माझे यजमान वाचून म्हणाले, "चांगलं लिहिलंयस." मलाही तसंच वाटत होतं.

समितीच्या अध्यक्षबाईंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. मला विचारलं, "भेटीच्या वेळी तुम्ही स्वतः खोलीत असाल?"

"पूर्णवेळ," मी म्हणाले.

भेट अधीक्षिकाबाईंच्या ऑफिसात झाली. अर्धा तास दिला होता. त्या दिवशी अधीक्षिकाबाई तपासणीच्या मीटिंगला गेलेल्या, त्यामुळं मीच होते. आईनं शेंगदाण्याचे लाडू आणले होते आणि खोबरेल तेलाची बाटली. मुलगी दारात आली, थबकली आणि मग अशी धावली की खुर्ची आडवी झाली. दोघी रडल्या. मीही डोळे पुसले. बाळ जमिनीवर बसून लाडू चिवडत होतं. थोड्या वेळानं आईनं तिला पुढ्यात घेतलं, वेणी सोडली, तेल लावलं आणि फणी फिरवायला लागली.

मला वाटलं, आई लेकीचे केस विंचरतीय, आपण इथं पहारेकऱ्यासारखं कशाला बसायचं? मी उठले. "चालू द्या तुमचं," म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. दहा मिनिटं असतील. बाराही असतील. दार उघडंच होतं. मधून मी आत बघत होते. फणी वरून खाली जात होती. आईचं तोंड मुलीच्या कानाशी होतं आणि मुलगी मान हलवत होती. मी ते बघितलं आणि मला बरं वाटलं.

त्या रात्री मुलगी दोन भाकरी जेवली. पुढच्या गुरुवारी मुलींबरोबर लंगडी खेळताना दिसली. अधीक्षिकाबाई म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं म्हणायचं." मी काही मोठेपणा दाखवला नाही, पण मनातून सुखावले. भेटीचा अहवाल समितीला द्यायचा होता, त्यात मी लिहिलं: भेटीदरम्यान सहाय्यक व्यक्ती उपस्थित होती. वाक्य खोटं नव्हतं. मी भेटीदरम्यान उपस्थित होते, मधली दहा मिनिटं सोडली तर. तीस वर्षं कचेरीत असली वाक्यं टाइप करत आलेय, कोणता शब्द कुठं ठेवला की काय झाकलं जातं ते मला चांगलं ठाऊक आहे.

साक्षीच्या आधी मी तिला रिकामं कोर्ट दाखवून आणलं. कुठं बसायचं, कोण काय विचारणार, सगळं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हा तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

साक्षीच्या दिवशी जज बाईच होत्या. काळा कोट काढून ठेवलेला. आरोपी मुलीला दिसू नये म्हणून मधे पडदा होता. मी तिच्या शेजारी बसले. सरकारी वकिलांनी हळूहळू सुरुवात केली. शाळा कोणती, बाई कोण, घरात कोण कोण. मग विचारलं, "बाळा, हाताला काय झालं होतं?"

ती म्हणाली, "मीच पडले."

"कशी पडलीस?"

"चुलीपाशी पाय घसरला. तवा तापलेला व्हता. हात टेकला."

वकिलांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि परत तिच्याकडं वळले. "कुणी हात धरला होता का तुझा?"

"नाय."

"पोलिसांना तू वेगळं सांगितलं होतंस."

"तवा मला कळत नव्हतं."

जजबाई पुढं वाकल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "इथं तुला कुणी रागावणार नाही. कुणी काही शिकवलंय का तुला? घाबरू नकोस."

"नाय." तिची नजर पायातल्या चपलेवर होती. जजबाईंनी पुन्हा एकदा, वेगळ्या शब्दांत विचारलं. पुन्हा "नाय."

मला तिथं बोलायची परवानगी नव्हती. मी तिचा उजवा हात हातात घेतला. तळव्याची कातडी अजून गुलाबी, ताणलेली, मेणासारखी गुळगुळीत होती. तिनं हात काढून घेतला नाही, पण माझा धरलाही नाही.

परत येताना रिक्षात ती चपलेचा पट्टा सोडून पुन्हा लावत होती. मग म्हणाली, "आता मायला खोलीतून नाय काढणार ना?"

"असं कोण म्हणालं होतं?"

तिनं सांगितलं, पाढा म्हणावा तसं. आई म्हणाली होती, तू बोललीस तर त्याला आत टाकतील. मग खोलीचं भाडं कोण भरणार? मामा तर दारात उभा करत नाय. तुला इथं दोन टाईम जेवायला भेटतंय, गादी हाय, शाळा हाय. तुज्या बहिणीला घेऊन म्या कुठं जाऊ? सगळं तुज्या हातात हाय.

"कधी म्हणाली?"

"येणी घालताना. तुमी बाहेर होता तवा." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

मी सरकारी वकिलांना जाऊन आईनं दबाव आणल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मुलगी तसं परत सांगेल का?" मी मुलीला विचारलं. ती काही केल्या तयार होईना. पुढं आईनंही साक्ष फिरवली. शाळेतल्या बाई ठाम राहिल्या, डॉक्टरही, पण खोलीत काय घडलं ते पाहिलेली माणसं दोनच, आणि दोघींनी नाही म्हटलं. तो सुटला.

महिन्याभरात आईनं मुलीच्या ताब्यासाठी अर्ज केला. समितीनं मुलीला एकटीला बसवून विचारलं. ती म्हणाली, "मायकडं जायाचंय." मग माझं मत मागितलं.

हे लिहायला मला जड जातंय. पाठवू नका, असं मी म्हणू शकत होते. पण का नको, हे सांगायचं तर आईनं कानात काय सांगितलं ते आलं, आणि ते कधी सांगितलं हेही आलं. मग त्या दहा मिनिटांचा हिशोब द्यावा लागला असता. अध्यक्षबाईंसमोर, अधीक्षिकाबाईंसमोर. वकिलांना सांगतानाही मी "कधीतरी" असाच शब्द वापरला होता. मी दोन दिवस कागद पुढं घेऊन बसले आणि शेवटी लिहिलं: मुलीनं व्यक्त केलेल्या इच्छेचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. समितीपुढं जे होतं त्यावरून त्यांनी निर्णय दिला. दर महिन्याला मी घरी जाऊन पाहणी करायची, अशी अट घातली.

जायच्या दिवशी तिनं बालगृहातल्या सगळ्या मुलींना एकेक टिकली वाटली. मलाही दिली.

पहिल्या महिन्यात मी शेंद्र्याला गेले तेव्हा सगळं ठीक होतं. नवं दप्तर होतं, बाळ अंगाखांद्यावर खेळत होतं. तो घरात नव्हता. दुसऱ्या महिन्यात ती शाळेच्या वेळेत घरीच होती. आई म्हणाली, ताप होता. मी कपाळाला हात लावला, ताप नव्हता. मी शाळेत जाऊन सांगून आले, समितीला लिहिलं. तिसऱ्या महिन्यात खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई भांडी घासता घासता म्हणाली, "गेले की ते. बिडकीनकडं कुठंतरी काम लागलंय म्हणं त्याला."

मी समितीला कळवलं. समितीनं पोलिसांना पत्र दिलं. मीही स्वस्थ बसले नाही. यजमानांच्या स्कूटरवर बसून दोन दुपारी बिडकीन आणि आजूबाजूची गावं पालथी घातली. शाळांमधून विचारलं, किराणा दुकानांतून विचारलं. नवीन कारखान्यांच्या कडेनं मजुरांच्या खोल्यांच्या ओळीच्या ओळी झाल्या होत्या, रोज नवी माणसं येत-जात होती. दुसऱ्या दिवशी परतताना यजमान म्हणाले, "तू एवढं मनाला का लावून घेतेयस? तू तुझं काम केलंस." मी त्यांनाही काही सांगितलं नाही.

पावसाळा गेला. दिवाळी झाली. एका सकाळी पोळ्या लाटत होते तेव्हा अधीक्षिकाबाईंचा फोन आला. "या. ती आलीय."

"कुणी आणली?"

"कुणी नाही. एकटी आलीय."

बिडकीनहून ती एकटीच बसमध्ये चढली होती. कंडक्टरला म्हणाली, माय मागं बसलीय. बसस्थानकावर उतरून, पाण्याची मोठी टाकी कुठं आहे ते विचारत विचारत चालत आली, कारण बालगृहाच्या गच्चीवरून ती टाकी दिसते हे तिच्या लक्षात होतं. फाटकातून आत आली आणि म्हणाली, "मला ठेवून घ्या." मी पोचले तेव्हा ती आजारी मुलींच्या खोलीत कॉटवर बसली होती. उंच झाली होती, आणखी वाळली होती. डावं मनगट सुजून दुप्पट झालं होतं. हाड मोडल्याला चार दिवस झाले होते, असं नंतर एक्स-रेवरून कळलं. यावेळी डावा हात.

माझ्याकडं बघून ती ओळखीचं हसली. "मावशी, तुमी बारीक झाल्या."

प्लास्टर घालून झाल्यावर समितीपुढं तिला नेलं. तिनं सगळं सांगितलं. मागचं तव्याचंही आणि आत्ता बापानं मनगट मोडल्याचंही. न अडखळता, न रडता. पोलिसांत नवीन गुन्हा दाखल होणार होता. अध्यक्षबाई म्हणाल्या, "कोर्टात परत यावं लागेल बरं का. घाबरायचं नाही. या मावशी असतीलच तुझ्याबरोबर."

तिनं प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "ह्या मावशी नको. दुसरं कुणी द्या."

"का गं?"

"ह्या लई चांगल्या हायेत," ती घाईनं म्हणाली, मला वाईट वाटू नये म्हणून असेल. "पण ह्या बाहेर जात्यात."

अध्यक्षबाईंना त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मुलीला बाहेर पाठवायला सांगितलं आणि तिथं सगळं बोलले. भेट, व्हरांडा, अहवालातलं ते वाक्य, नंतर दिलेलं मत. बोलायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जवळजवळ वर्षभर मी ते गिळून बसले होते. अधीक्षिकाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी हातातलं रजिस्टर मिटलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे लेखी द्या." मी तिथंच बसून लिहून दिलं. त्या केसमधून मला काढलं आणि चौकशी होईपर्यंत नवं काम द्यायचं नाही असं ठरलं. ते योग्यच होतं.

तिला दुसरी एक तरुण बाई नेमली गेली. समाजकार्य शिकलेली, फार न बोलणारी. दुसऱ्या खटल्यात मुलीनं अख्खी सकाळ साक्ष दिली. बचावाच्या वकिलांनी, मागच्या वेळी खोटं बोललीस की आता, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मागल्या वेळी." का, असं विचारल्यावर म्हणाली, "माय रस्त्यावर येईल म्हणून." हे मला अधीक्षिकाबाईंनी फोनवर सांगितलं. मी तिथं नव्हते. त्याला शिक्षा झाली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण आईनं मुलीच्या कानात जे सांगितलं होतं ते एक ना एक खरं निघालं. तो आत गेल्यावर पंधरा दिवसांत मालकानं खोली रिकामी करायला लावली. भावानं खरोखरच दारात उभं केलं नाही. काही दिवस ती बिडकीनजवळच्या एका धाब्यावर भांडी घासून तिथंच मागं निजत होती, बाळासकट. मला हे कळलं ते बालगृहाच्या स्वयंपाकीणबाईंकडून. आई परत फाटकाशी आली होती. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "आज नको." मग थोड्या वेळानं स्वयंपाकघरात येऊन स्वतःच्या वाट्याचा शिरा डब्यात भरून बहिणीसाठी फाटकावर पाठवून दिला.

कुणी सांगितलं नसताना मी त्या धाब्यावर गेले. या खेपेला मी कुणाची सहाय्यक व्यक्ती नव्हते. आई मागच्या बाजूला टाकीपाशी उकिडवी बसली होती, कोपरापर्यंत राख. मला बघून उठली नाही. मी म्हणाले, शहरात बायकांसाठी निवारागृह आहे, बाळासकट राहता येतं, मी चौकशी करून आलेय, अर्ज भरावा लागेल.

तिनं कढई उपडी केली. "ताई, म्या पोरीला काय खोटं सांगितलं व्हतं का?"

मी म्हणाले, "नाही."

"मग?"

मुलीचा हात तव्यावर दाबला जात असताना तू कुठं होतीस, हा प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. पण मी व्हरांड्यात उभी राहिलेली बाई, मी तो कुठल्या तोंडानं विचारणार? ती नळाखाली हात धूत म्हणाली, "म्या मधी पडले असते तर त्यानं मला हाणलं असतं, बास. एवढंच झालं असतं. हे मला आता कळतंय." बाळ पोत्यावर निजलं होतं, तोंडावर माश्या बसत होत्या, तिनं ओल्या हातानंच त्या हाकलल्या.

आम्ही तिथल्या एका खाटेवर बसून अर्ज भरला. नाव, गाव, वय. मुलांची संख्या या रकान्यापाशी मी थांबले.

"दोन लिहा," ती म्हणाली. "एक संग हाय, एक तिकडं हाय. तिकडं ऱ्हाऊ द्या तिला. म्या आणायला नाय जाणार."

मी तसं लिहिलं. सही तिनं स्वतः केली, एकेक अक्षर जुळवत. मग तासभर आम्ही रस्त्याच्या कडेला शहराकडं जाणाऱ्या बसची वाट बघत उभ्या होतो. ती बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेत होती. बस आली तेव्हा बायकांच्या सीटवर जागा होती. ती खिडकीपाशी बसली, मी शेजारी. वाटेतलं चितेगाव मागं पडलं तेव्हा तिनं बाळाला मांडीवर नीट घेतलं आणि पदरानं त्याचं तोंड झाकलं.